स्ट्रेंथ भरपूर, क्वालिटी शून्य

मानेवाड्याच्या मावशीचा फोन आला. "सह्याद्री गेलं रे बापू. काहून गेलं, पाहून जा जरा." आदल्या रात्री नागपुरात अवकाळी वारं सुटलं होतं, त्यामुळे अंदाज आलाच. गच्चीवर फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेची, छत्री जागच्या जागी दिसत होती. टीव्हीवर मात्र चित्र नाही. सेटिंगमध्ये स्ट्रेंथची पट्टी सत्तरच्या पुढे आणि क्वालिटी शून्य. शेजारच्या मुलाने तीनदा ऑटो स्कॅन लावून पाहिला होता. तिन्ही वेळा एकही चॅनल सापडला नव्हता.

"सिग्नल तर एवढा आहे, मग चॅनल का येत नाही?" हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. गोंधळ त्या दोन पट्ट्यांच्या नावांतच आहे. स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून एकूण किती ऊर्जा आली, एवढंच. छत्रीपुढच्या दांडीवर बसवलेला एलएनबी येईल ते लाखपटीहून जास्त वाढवून खाली पाठवतो, आणि 'येईल ते' यात नुसता खरखराटही आला. प्रत्येक ऊबदार वस्तू थोड्या सूक्ष्मलहरी सोडत असते. उन्हात तापलेला स्लॅब सोडतो, भिंत सोडते, कडुनिंबाचं झाडही सोडतं. छत्री भिंतीकडे वळवली तरी स्ट्रेंथची पट्टी भरलेलीच दिसते. आलेल्या गोंगाटातून नीट वाचता येण्याजोगं किती निघालं, ते क्वालिटी सांगते. म्हणून छत्री लावताना मी स्ट्रेंथकडे बघतच नाही.

ऐकायचं आहे ते फ्री डिशचं प्रसारण येतं जीसॅट-१५ या उपग्रहाकडून. ११ नोव्हेंबर २०१५ रोजी फ्रेंच गयानातल्या कौरू इथून एरियन-५ रॉकेटने तो वर गेला आणि विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिरावला. नागपूरचं रेखांश सुमारे ७९ अंश, त्यामुळे आपल्याला तो दक्षिणेपासून पूर्वेकडे साधारण ३५ अंश सरकलेला आणि क्षितिजापासून ६० अंश उंचावर असतो. छत्री मात्र तेवढी वर तोंड करून बसलेली दिसत नाही. या छत्र्या वरून आलेला किरण तिरपा वळवून दांडीवर टाकतात, त्यामुळे भासतं त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर त्यांची नजर असते. मावशीच्या गच्चीपासून उपग्रह साधारण ३६,५०० किलोमीटर दूर आहे. तिथून निघालेली लहर सेकंदाच्या आठव्या भागात पोचते.

आता स्कॅन. आपण 'चॅनल शोधतोय' म्हणतो, पण सगळे चॅनल त्याच क्षणी छत्रीवर पडत असतात. टीव्हीजवळच्या डब्याला, म्हणजे सेट-टॉप बॉक्सला, फक्त ते ओळखायचे असतात. उपग्रहाच्या लहरी ११ गिगाहर्ट्झच्या आसपास असतात आणि साध्या केबलमध्ये त्या काही मीटरांतच मलूल होतात. म्हणून एलएनबी त्यातून ९,७५० मेगाहर्ट्झ वजा करतो. समजा ११,०९० ची लहर आली, तर खाली उतरते १,३४०. डब्याला ९५० ते २,१५० एवढंच ऐकू येतं, आणि उलटी बेरीज करून तो मूळ आकडा पडद्यावर दाखवतो. सेटिंगमध्ये एलएनबीचा प्रकार चुकला की ही बेरीज चुकते आणि सगळं शाबूत असूनही हाती काही लागत नाही. त्याच केबलमधून डबा वर वीजही पाठवतो. १३ व्होल्ट दिले तर एलएनबी उभ्या लहरी घेतो, १८ दिले तर आडव्या. विजेवरच हुकूम लिहून पाठवण्याची ही युक्ती मला फार आवडते.

खरी गंमत पुढे आहे. ऊर्जेचा उंचवटा दिसला की डबा सेकंदाला किती चिन्हं येतात याचा ठेका धरतो. तो साधारण पावणेतीन-तीन कोटींच्या घरात असतो. ठेका जुळला की चुका दुरुस्त होऊन आकड्यांचा प्रवाह सुरू होतो. हे खरंच दूरचित्रवाणीचं प्रसारण आहे, हे कशावरून ठरवायचं? सगळा मजकूर १८८ बाइटच्या पुडक्यांत बांधलेला असतो आणि प्रत्येक पुडक्याचा पहिला बाइट ७१ असतो. कुठलाही एखादा ७१ योगायोगानेही सापडेल, पण दर १८८ व्या जागी तोच येत राहिला तर तो योगायोग नव्हे. शून्य क्रमांकाच्या पुडक्यांत अनुक्रमणिका असते: या लहरीवर कोणते कार्यक्रम आहेत आणि प्रत्येकाचा तपशील कुठल्या क्रमांकाच्या पुडक्यांत आहे. आणखी एका तक्त्यात चॅनलांची नावं असतात. म्हणजे 'डीडी सह्याद्री' ही अक्षरंसुद्धा आकाशातूनच येतात.

ऑटो स्कॅन डब्यात आधीच भरलेल्या लहरींच्या यादीवरून फिरतो. ठरलेल्या घरांची दारं वाजवावीत तसं. ब्लाइंड स्कॅन यादी बाजूला ठेवून सगळा पट्टा चाचपत जातो. वेळ खातो, पण तिथे काय आहे ते सांगतो. मावशीच्या डब्यात ही सोय होती. दहा मिनिटांनी यादी भरली, आणि जवळपास प्रत्येक नावापुढे डॉलरची खूण! म्हणजे सगळे पैशांचे, कुलूपबंद चॅनल.

उलगडा तिथेच झाला. ९५ अंशांवर सशुल्क सेवेचा उपग्रह आहे. कक्षेत दोघांमध्ये अकराशे किलोमीटरचं अंतर, पण गच्चीवरून पाहिलं तर दोन अंशही नाही. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची कड मधल्या खिळीच्या मानाने सेंटिमीटरभर सरकली की तोंड जवळपास तेवढंच वळतं. वाऱ्याने तिला या शेजारच्या उपग्रहाकडे वळवलं होतं. ऑटो स्कॅन बिचारा जीसॅटच्या लहरी भलत्याच दिशेला शोधत होता.

फ्री डिशची एक माहितीतली लहर डब्यात निवडली. मुलाला टीव्हीपुढे बसवून "क्वालिटी किती?" असं विचारत नट सैल करून छत्री केसभर हलवायची आणि थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं, कारण डब्याला ठेका धरायला क्षणभर लागतो; सतत फिरवत राहिलं तर बरोबर जागा हातून निसटते. पाचव्या खेपेला खालून आवाज आला, "पासष्ट!" मग एलएनबी त्याच्या खोबणीत किंचित फिरवला, तेव्हा एकाहत्तर.

नट आवळून ऑटो स्कॅन लावला आणि सह्याद्री आलं. दोन-तीन चॅनल मात्र यादीत असून काळेच राहिले. ते एमपीईजी-४ या चित्र दाबून पाठवण्याच्या नव्या पद्धतीने येतात आणि मावशीचा जुना डबा फक्त एमपीईजी-२ वाचतो. तिथे कितीही स्कॅन केले तरी उपयोग नाही, डबाच बदलावा लागतो. फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे १ एप्रिलच्या सुमारास चॅनल बरेच हलतात, तेव्हा एक स्कॅन करावाच.

नागपूरच्या उन्हाचाही या यंत्रावर परिणाम होतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की गच्चीवरच्या एलएनबीतली ९,७५० ची लहर एखाद-दोन मेगाहर्ट्झने ढळते. फ्री डिशच्या रुंद लहरींच्या बाबतीत डबा ते सांभाळून घेतो. अरुंद लहरी मात्र दुपारी सापडत नाहीत आणि रात्री सापडतात.

निघताना मावशीला एक सांगून ठेवलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात काही दिवस सकाळी अकराच्या आसपास सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या खरखराटात चित्र काही मिनिटं जातं. तेव्हा स्कॅन लावायचा नाही आणि छत्रीला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

"मग करायचं काय?"

"चहा ठेवायचा. उकळेपर्यंत परत येतं."