वकरेश्त: बुखारेस्टच्या इमारतींमधील पाणथळ

रोमानियाची राजधानी बुखारेस्ट हिच्या आग्नेय भागात काँक्रीटच्या बांधाने वेढलेली वकरेश्त नावाची सुमारे 183 हेक्टर जमीन आहे. समाजवादी हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कूच्या राजवटीत, 1980 च्या दशकात, वस्ती हलवून येथे कृत्रिम तलाव बांधायला घेतला होता. डिसेंबर 1989 मध्ये ती राजवट कोसळली, काम अर्धवट राहिले आणि पुढची दोन दशके निसर्गाला तेथे जवळपास मोकळे रान मिळाले.

झरे आणि पावसाचे पाणी खोलगट भागांत साचून डबकी आणि तळी तयार झाली. काठाने बोरू आणि पाणकणीस माजले, विलो आणि पॉप्लर उभे राहिले, त्यांच्या आश्रयाने राखी बगळे, हंस, पाणकावळे, तळ्यातली कासवे आणि पाणमांजरेही आली. आज बांधाच्या उतरत्या काँक्रीटवर उभे राहिले, तर पायाशी बोरूचे दाट बन आणि त्यामागे समाजवादी काळातल्या राखाडी इमारतींची रांग असे दृश्य दिसते.

ही जागा वाचली ती मात्र आपोआप नव्हे. तेथे मोठे बांधकाम प्रकल्प उभारण्याचे बेत झाले होते. निसर्गप्रेमी, छायाचित्रकार आणि शास्त्रज्ञ यांनी एकत्र येऊन प्रजातींच्या नोंदी केल्या, चित्रे लोकांपुढे ठेवली, सरकारकडे पाठपुरावा केला आणि मे 2016 मध्ये या जागेला नैसर्गिक उद्यानाचा कायदेशीर दर्जा मिळवला. ज्या देशात समाजवादी राजवटीने ‘देशभक्तीपर श्रमदान’ सक्तीने करवून घेतले, तेथे स्वेच्छेने एकत्र येण्याची सवय नव्याने रुजवावी लागते. म्हणून मला ही घटना पक्ष्यांच्या यादीइतकीच मोलाची वाटते.

शहराला याचा लाभ भौतिकशास्त्राच्या साध्या नियमाने होतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना भोवतालची सुमारे 2.4 मेगाजूल उष्णता शोषली जाते. पानांतून आणि उघड्या पाण्यातून दिवसभर हे घडत राहते. उन्हाळ्यात डांबर आणि काँक्रीट रात्रीपर्यंत उष्णता धरून ठेवतात, तेव्हा शेजारच्या अशा ओल्या पट्ट्याचे महत्त्व कळते. मुसळधार पावसात हाच खोलगट भाग आपल्यावर पडणारे पाणी गटारांकडे न लोटता सामावून घेतो. शहराची आघात पचवून सावरण्याची क्षमता म्हणतात ती प्रत्यक्षात अशा जागांतही असते.

तरीही या संरक्षणाची किंमत सर्वांनी सारखी मोजलेली नाही. पाणथळीत वर्षानुवर्षे राहणाऱ्या एका गरीब कुटुंबाला उद्यान झाल्यावर शहरात जावे लागले, आणि त्या मुलांच्या वाट्याला आलेले परकेपण विसरून यशाची गोष्ट सांगणे अन्यायाचे ठरेल. काही भूखंडांवर जुन्या मालकांच्या वारसांचे दावे आहेत. कोरड्या दिवसांत वाळलेल्या बोरूला आगी लागतात. बोरूची मुळे जमिनीखाली टिकून असल्याने तो पुन्हा फुटतो, पण विणीच्या काळात आग लागली, तर घरट्यांतली पिल्ले वाचत नाहीत. त्यामुळे त्या महिन्यांत गस्त घालणे हे तिथले सर्वांत निकडीचे काम आहे.