पार्श्वभूमी : ‘वारस लावला’ म्हणजे नेमकं काय केलं?

बँकेच्या खिडकीत मुदत ठेवीचा फॉर्म सरकवला की आतून हमखास विचारणा होते, ‘वारस कोण लावायचा?’ फॉर्मवर छापलेलं असतं ‘नामनिर्देशन’, म्हणजे नॉमिनीचं नाव. आतला कर्मचारी, बाहेरचा ठेवीदार, मागे रांगेत ताटकळणारे, कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. ठेवीदार बायकोचं नाहीतर थोरल्याचं नाव सांगतो, सही करतो आणि घरी येऊन सांगतो, ‘सगळी सोय लावून आलो.’ खरं तर त्याने सोय लावलेली असते ती बँकेची. त्या नावाच्या माणसाला पैसे दिले की बँक मोकळी. पैसे कुणाचे, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

मृत्युपत्र करावं की नाही, एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्राचा व्यवस्थापक कुणाला नेमावं, आजारपणात निर्णय कुणी घ्यावा, या सगळ्या चर्चांत गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा या एका शब्दात असतं. मराठीत ‘वारस’ किमान तीन दारांवर तीन अर्थांनी वापरला जातो. गावात वारस नोंद होते ती गाव नमुना ६-क मध्ये. तिथून फेरफार, तिथून सातबारा. न्यायालयं ही नोंद मालकीचा पुरावा मानत नाहीत, ती महसुलासाठी असते. पण सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे जमीन झाली, हे गावात कुणाच्या डोक्यातून काढणं कठीण. दुसरं दार दिवाणी न्यायालयाचं. तिथे मिळणारा वारस दाखला आजही मुंबई इलाख्याच्या १८२७ सालच्या आठव्या रेग्युलेशनखाली मिळतो. पेशवाई बुडून जेमतेम नऊ वर्षं झाली होती तेव्हाचा हा कायदा. आणि तिसरं दार बँकेचं, विम्याचं, सोसायटीचं. या तिसऱ्या दारावरचा ‘वारस’ मुळात वारस नाहीच.

हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं होतं. दहा-दहा हजारांच्या दोन पॉलिसी, नॉमिनी पत्नी. मागे आई आणि मुलगाही. पत्नीचं म्हणणं, कागदावर माझंच नाव आहे, तेव्हा रक्कम माझी. न्यायालय म्हणालं, नाव फक्त रक्कम स्वीकारण्यापुरतं. वाटणी वारसा कायद्याने. विमाधारक वारला होता १९६७ मध्ये. वीस हजारांचा निकाल लागायला सतरा वर्षं लागली.

इतकं स्वच्छ सांगूनही पुढे घोळ झाला तो शेअर्सचा, आणि तो मुंबईतच झाला. कंपनी कायद्यात १९९९ मध्ये नामनिर्देशनाचं कलम आलं. धारकाच्या मृत्यूनंतर शेअर नॉमिनीकडे निहित होतील म्हणजे त्याच्या हाती जातील, मृत्युपत्रात किंवा अन्य कायद्यात काहीही असलं तरी, अशी त्याची भाषा होती. २०१० मध्ये एक विधवा उच्च न्यायालयात गेली. नवऱ्याने डिमॅट खात्यात नॉमिनी म्हणून पुतण्याचं नाव दिलं होतं. एकल न्यायाधीशांनी ‘निहित’ या शब्दाचा अर्थ पूर्ण मालकी असा घेतला आणि शेअर पुतण्याचे ठरले. नवऱ्याला खरंच तसं हवं होतं की फॉर्म भरताना पुतण्या शेजारी बसला होता म्हणून त्याचं नाव पडलं, हे कळायला मार्ग नव्हता. कायद्याला ते विचारायचंही नव्हतं.

या निकालाचा धसका मोठा होता. मृत्युपत्र करताना प्रत्येक पानावर सह्या कराव्यात, दोन साक्षीदार बसवावेत, डॉक्टरचा दाखला जोडावा, आणि त्याच घरातल्या डिमॅट फॉर्मवर दोन मिनिटांत लिहिलेल्या नावाने ते सगळं उलटावं, असा त्याचा अर्थ होत होता. २०१५ मध्ये त्याच न्यायालयातल्या दुसऱ्या एकल न्यायाधीशांनी तो निकाल चुकीचा ठरवला. २०१६ च्या डिसेंबरात खंडपीठानेही नॉमिनी म्हणजे मालक नव्हे असंच सांगितलं. प्रकरण दिल्लीला गेलं आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला : कंपनी कायदा वारसा ठरवण्यासाठी नाही, शेअर निहित होतात ते कंपनीला कुणाशी तरी व्यवहार करता यावा एवढ्यासाठी. तेरा वर्षं एका क्रियापदावर गेली.

वास्तविक याचं उत्तर जुन्या कायद्यातच होतं असं माझं मत. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम २११ म्हणतं की मृताची मालमत्ता एक्झिक्युटरकडे निहित होते. शब्द तोच. पण मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून नेमलेले मामा किंवा वकील घराचे मालक झाले असं आजवर कुणी म्हटलं नाही. त्याने देणी भागवायची, जे ज्याचं ते त्याला द्यायचं आणि बाजूला व्हायचं. विश्वासाने सोपवलेली वस्तू आणि दिलेली वस्तू यांतला फरक तिथे कुणाला समजावून सांगावा लागला नाही. नॉमिनीच्या बाबतीत मात्र लागला, कारण नॉमिनी बहुधा घरातलाच असतो आणि त्याला स्वतःलाही ती वस्तू हवी असते.

सोसायट्यांचं थोडक्यात. आदर्श उपविधींमधला परिशिष्ट १४ चा फॉर्म तीन प्रतींत भरून दिला की काम संपलं अशी समजूत इथेही होतीच. २०१६ मध्ये पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सोसायटीने नॉमिनीच्या नावे हस्तांतर केलंच पाहिजे असं म्हटलं. वारसांनी आपला हक्क वेगळा मागावा, हे त्याच निकालातलं पुढचं वाक्य पुष्कळांनी वाचलंच नाही. महाराष्ट्राने सहकारी संस्था कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १५४ब-१३ घालून मार्ग काढला : नॉमिनी हा तात्पुरता सदस्य, खरे वारस किंवा मृत्युपत्राचे लाभार्थी ठरेपर्यंत. ‘तात्पुरता’ हा शब्द कायद्याच्या पुस्तकात पहिल्यांदा मराठी माणसाच्या कानाला स्वच्छ कळेल असा आला.

आता मागे वळून एक नजर. १ जानेवारी १९२७ पूर्वी मुंबई शहराबाहेरच्या हिंदूचं तोंडी मृत्युपत्रही चालत असे; शहरात मात्र १८७० पासूनच लेखी आणि साक्षांकित लागत होतं. शहर आणि बाहेर हा भेद नंतरही उरला, तो प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या न्यायालयीन दाखल्याच्या रूपाने. मुंबई, कोलकाता, चेन्नई इथल्या उच्च न्यायालयांच्या मूळ अधिकारक्षेत्रात केलेल्या, किंवा तिथल्या स्थावर मिळकतीबद्दलच्या हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेणं २०२५ पर्यंत सक्तीचं होतं. मुंबईच्या हद्दीतल्या मुलुंडच्या फ्लॅटला प्रोबेट लागे. चेकनाक्यापलीकडे, ठाण्याच्या फ्लॅटचं ठाण्यात बसून केलेलं मृत्युपत्र असेल तर लागत नसे. ख्रिस्ती समाजाला यातून २००२ मध्ये सूट मिळाली, मुस्लिमांना ही अट कधीच नव्हती. त्यांना मुळात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९२५ च्या वारसा कायद्यातलं कलम २१३ वगळून ही सक्ती काढून टाकली. त्याचं स्वागत झालं ते वेळ आणि खर्च वाचणार म्हणून. पण मृत्युपत्र खरं की खोटं हे तपासायचं काम आता आधी न्यायालयापुढे जाणार नाही, तर सोसायटीच्या सेक्रेटरीच्या टेबलावर येणार, याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही.

गोव्याची गोष्ट अगदी निराळी आहे. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेत मुलाबाळांचा अर्धा हिस्सा राखीवच. माणसाच्या मर्जीवर सुटतो तो उरलेला अर्धा. २०१२ चा गोव्याचा कायदाही तेच धरून आहे. तिथला बाप रागाच्या भरात ‘एक दमडी देणार नाही’ म्हणू शकतो, करू मात्र शकत नाही.

नॉमिनीची घडी अशी जरा बसते आहे तोवर १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत एकाऐवजी चार नावं देता येऊ लागली. ठेवींना एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक. लॉकरला फक्त एकामागून एक. टक्केवारीचा रकाना पाहिला की वाटणीच करतो आहोत असं कुणालाही वाटेल.

हे सगळं मेल्यानंतरचं. माणूस जिवंत आहे पण शुद्धीत नाही, अशा वेळी निर्णय कुणाचा, हा प्रश्न आपल्याकडे कायद्यापुढे आला तो मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या एका परिचारिकेमुळे. १९७३ च्या हल्ल्यानंतर ती बेचाळीस वर्षं अंथरुणाला खिळून होती. २०११ मध्ये तिच्या प्रकरणात निष्क्रिय इच्छामरणाची, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देण्याची वाट किलकिली झाली, ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी होती, त्यामुळे कागद कागदावरच राहिला. जानेवारी २०२३ मध्ये ती अट जाऊन नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा झाला, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या एकाहून जास्त माणसांची नावं देता येऊ लागली. २०२४ मध्ये गोव्यात एका न्यायमूर्तींनी स्वतःचा असा निर्देश नोंदवला तेव्हा त्याची बातमी झाली.

पैशांच्या निर्णयाला मात्र अशी वाट अजून नाही. कुलमुखत्यारपत्र पुरेसं आहे अशी समजूत पुष्कळ घरांत असते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ते देणाऱ्याच्या मृत्यूने संपतं तसंच त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही तरी संपतं, म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते नेमकं त्याच दिवशी. मग नवरा अतिदक्षता विभागात कोमात असताना त्याच्या एकट्याच्या नावावरच्या ठेवीतून त्याच्याच उपचारांचे पैसे काढायला बायकोला पालक म्हणून नेमणूक मागत उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. त्या ठेवीवर ‘वारस’ म्हणून तिचंच नाव लावलेलं असतं.