बंद अणुभट्टीची धग

एक किलो नैसर्गिक युरेनियम आपल्याकडच्या जड पाणी (हायड्रोजनच्या जड प्रकाराचं पाणी) वापरणाऱ्या अणुभट्टीत साधारण ५० हजार युनिट वीज देतं. महिन्याला दीडशे युनिट लागणाऱ्या घराची ही २७ वर्षांची वीज. तेवढ्यासाठी ३५ टनांच्या आसपास कोळसा जाळावा लागतो. राख आणि धूर वेगळे. शिवाय ही वीज रात्री मिळते, भर पावसातही मिळते. अणुऊर्जेचा हा फायदा कुणी कमी लेखू नये.

तिची मोठी अडचण भट्टी बंद केल्यावर समोर येते. न्यूट्रॉन शोषणाऱ्या कांड्या आत गेल्या की काही सेकंदांत विखंडन, म्हणजे युरेनियमचे अणू फुटणं, थांबतं, पण आधीच्या विखंडनातून तयार झालेली किरणोत्सारी द्रव्यं उष्णता सोडतच राहतात. २२० मेगावॅट विजेच्या भट्टीत सुमारे ७५० मेगावॅट उष्णता तयार होते. बंद केल्याक्षणी त्यातली ६ टक्के, म्हणजे ४५ मेगावॅट, उरते. एका दिवसानंतरही तीनेक मेगावॅट. ती थांबवता येत नाही, पाणी फिरवून वाहून न्यावी लागते.

हे पाणीच थांबलं तर? ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात तशी वेळ आली. टर्बाइनची पाती तुटली, जबर हादऱ्यांनी जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडला आणि आग लागली. मुख्य वीजपुरवठ्याच्या आणि आणीबाणीच्या केबल नीट विलग केलेल्या नव्हत्या, त्यामुळे दोन्ही एकाच आगीत गेल्या. डिझेल जनित्रं असूनही पंपांना वीज मिळेना. सुमारे १७ तास केंद्र अंधारात होतं. कर्मचाऱ्यांनी अग्निशमनाचे डिझेल पंप सुरू करून ते पाणी बाष्पजनित्रांत, म्हणजे भट्टीच्या उष्णतेवर वाफ बनवणाऱ्या पात्रांत, सोडलं. बाष्पजनित्रं गाभ्यापेक्षा, म्हणजे भट्टीतल्या इंधनाच्या भागापेक्षा, उंचावर असतात. गाभ्यातलं गरम जड पाणी आपोआप वर चढतं, तिथे थंड होऊन खाली उतरतं. या अभिसरणावर गाभा वाचला, किरणोत्साराची गळती झाली नाही. त्या रात्रीच्या माणसांचं मोल फार मोठं आहे.

फुकुशिमात २०११ साली त्सुनामीने डिझेल जनित्रं बुडवली. तिथे गाभ्यातलं पाणी उकळून आटलं, इंधन ठेवलेल्या, तापलेल्या झिर्कोनियम धातूच्या नळ्यांची वाफेशी क्रिया होऊन हायड्रोजन तयार झाला आणि स्फोट झाले. म्हणून अणुकेंद्राची पाहणी करताना भिंतीच्या जाडीइतकंच हेही पाहायला हवं: राखीव जनित्रं किती उंचीवर आहेत, मुख्य आणि आणीबाणीच्या केबल वेगळ्या मार्गांनी जातात का, विजेशिवाय पाणी कसं पोहोचणार.

वापरलेल्या इंधनाचंही तेच. ते आधी काही वर्षं पाण्याच्या टाकीत ठेवावं लागतं. भारतात पुढे त्यातलं युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढतात. उरलेला तीव्र किरणोत्सारी कचरा तारापूरसारख्या ठिकाणी काचेत बंदिस्त होतो. त्यातल्या सीझियम-१३७ चं प्रमाण निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात, काही द्रव्यांना हजारो. तोवर या काचेवर पहारा ठेवण्याचा खर्च विजेच्या दरात धरायलाच हवा.