एमिक-एटिक वादाची पार्श्वभूमी

‘तिथल्या माणसाच्या नजरेने पाहा’ हा आग्रह पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिआंड बेटांवरच्या १९२२ च्या मानवशास्त्रीय ग्रंथातही आहे. एमिक (आतल्यांना अर्थपूर्ण वाटणारे भेद) आणि एटिक (बाहेरून नोंदवलेले भेद) ही जोडी मात्र १९५४ ची, अमेरिकेतल्या एका भाषावैज्ञानिकाची. इंग्रजी ‘पिन’मधला प महाप्राण, म्हणजे श्वासाच्या झोतासह, असतो, ‘स्पिन’मधला नसतो. अर्थ बदलत नसल्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक सहसा जाणवत नाही. मराठीत पळ आणि फळ हे निराळेच शब्द. श्वासाचा झोत नोंदवणे हे एटिक, तो कुठे अर्थ बदलतो हे शोधणे एमिक. हीच रीत त्या भाषावैज्ञानिकाने फुटबॉलचा सामना आणि घरच्या न्याहारीलाही लावली. एटिक म्हणजे कामचलाऊ चौकट, एमिक हाती लागले की तिची दुरुस्ती ठरलेली.

१९६० च्या दशकात एका मानवशास्त्रज्ञाने हे उलटे केले. एमिक म्हणजे माहिती देणाऱ्या स्थानिकाला पटते ते, एटिक म्हणजे अभ्यासकांच्या पडताळणीत टिकते ते. आणि ध्येय एटिकच. त्यांचे गाजलेले उदाहरण केरळचे. शेतकरी ठामपणे सांगत की आम्ही वासरू मारत नाही. पण वर्षाच्या आतल्या वासरांत १०० माद्यांमागे नर फक्त ६७. नर अशक्त असतात, दूध कमी पितात, असे स्पष्टीकरण मिळे; काहींनी मात्र त्यांना आचळापाशी क्षणभरच ठेवतात हेही सांगितले. तिथे ओढकामाच्या बैलांना मागणी कमी होती.

उदाहरण बिनतोड आहे, पण गोंधळ इथेच शिरला: एमिक म्हणजे लोक सांगतात ते, असे धरले गेले. भाषा बोलणाऱ्याला आपल्या भाषेचे ध्वनिनियम सांगता येत नाहीत, तरी मूळ मांडणीत ते एमिकच. मुलाखत म्हणजे एमिक आणि संशोधकाचे मत म्हणजे एटिक, ही प्रबंधांतली सोपी वाटणी दोन्ही मांडण्यांवर अन्याय करते. १९८८ मध्ये तो भाषावैज्ञानिक आणि तो मानवशास्त्रज्ञ जाहीर चर्चेत समोरासमोर आले. कसोटी कोणाची, हे तरीही सुटले नाही.

दरम्यान १९६९ मध्ये मानसशास्त्राने कामाची वाट काढली. आपली चाचणी दुसरीकडे वापरली की ती ‘लादलेली एटिक’. मग तिथल्या वर्गवाऱ्या स्वतंत्रपणे शोधायच्या आणि दोन्हींत जुळेल तेवढ्यावरच तुलना करायची. मधली पायरी हमखास गाळली जाते. प्रश्नावलीचे उलट भाषांतर (भाषांतर पुन्हा मूळ भाषेत आणणे) जुळले की काम झाले असे धरतात. त्यातून शब्द तपासले जातात, ती संकल्पना तिथे त्याच घटकांची आहे का हे नाही.