खारवट वेगळी, चोपण वेगळी: जिप्समचं पोतं उघडण्याआधी

मातीवर पांढरं दिसलं की “जिप्सम टाका” हे उत्तर तयारच असतं. सांगली-मिरजेकडं, शिरोळ-वाळव्यात, घरामागच्या बागेपासून उसाच्या फडापर्यंत हाच एक सल्ला फिरतो. पोत्याचे पैसे जातात, झाडं तशीच मलूल राहतात, आणि मग मातीलाच नावं ठेवली जातात. याचा मला मनापासून राग येतो.

खारवट माती बहुतेकांच्या ओळखीची आहे. उन्हाळ्यात वर पांढरा थर, पानांची टोकं करपलेली, ओल असूनही झाड सुकलेलं. माती तपासणीच्या अहवालात विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचं माप) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, सामू (पीएच) ८.५ च्या आत. हे क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून चर काढून निचरा करायचा आणि चांगल्या पाण्यानं ते खाली धुऊन काढायचे. इथं जिप्समचं काही काम नाही. जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, हाही शेवटी एक क्षारच.

खरी फसगत होते ती चोपण मातीत. हिच्यात विरघळलेले क्षार कमी, पण सोडियम चिकणमातीच्या कणांना धरून बसलेला असतो. त्यामुळं पाणी लागलं की कण एकमेकांना सोडतात आणि बारीक गाळ होऊन सगळी छिद्रं बुजवतात. पाऊस थांबून कितीतरी वेळ झाला तरी वाफ्यात गढूळ पाणी तसंच उभं. वरचा थर बोटाला बुळबुळीत लागतो, आणि चार बोटं खाली उकरलं तर माती कोरडी. वाळली की कुदळ उडते. सामू ८.५ च्या वर, विनिमययोग्य सोडियम (कणांना धरून बसलेल्या सोडियमचं प्रमाण) १५ टक्क्यांच्या वर.

हा सोडियम नुसत्या पाण्यानं धुऊन जात नाही. त्याला कणावरून उठवायला कॅल्शियम लागतं, ते जिप्सम देतं. सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्याबरोबर खाली जातो. म्हणून जिप्सम वरच्या वीतभर मातीत नीट मिसळायचं, मग पाणी द्यायचं, आणि ते पाणी बाहेर जायला चर हवाच. वरून भुरभुरवून सोडून देणं म्हणजे पैसे उधळणं.

सगळ्यात घातकी ती खारवट-चोपण. क्षार भरपूर असेपर्यंत तिचे कण एकत्र राहतात, माती भुसभुशीत दिसते, लोक साधी खारवट समजून पाणी सोडतात. क्षार जातात, सोडियम मागे राहतो आणि बरी दिसणारी माती चोपण होऊन बसते.

घरी बघायचं असेल तर हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासातल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. हलवू नका. काही तासांत भोवती दुधाळ ढग पसरला तर सोडियमचा त्रास आहे. ढेकूळ ढासळलं पण पाणी नितळ राहिलं तर बहुधा नाही. बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांमुळं चोपण मातीतही पाणी नितळ राहतं. याच कारणानं मातीवर पांढरा थर असेल तर या परीक्षेवर विसंबू नका, प्रयोगशाळेत जा. आणि तिथं विनिमययोग्य सोडियम व जिप्समची गरज हे दोन आकडे मुद्दाम मागा: मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात, त्यात सोडियम नाही!

शेणखत दोन्हींना चांगलं. ढैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडणं मला त्याहून पसंत. चुनखडीची चोपण माती (व्हिनेगर टाकलं की फसफसते) असेल तर गंधकही चालतं, पण जिवाणूंनी त्याचं आम्ल करेपर्यंत थांबावं लागतं. चुलीची राख आणि चुना मात्र चोपण मातीत कोणी कितीही सांगितलं तरी टाकू नका, सामू आधीच चढलेला असतो.

मातीबरोबर बोअरचं पाणीही तपासून घ्या. त्यात सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त असतील तर सुधारलेली माती पुन्हा चोपण होते, आणि जिप्सम अधूनमधून देत राहावं लागतं.