पायाखालची उकळी

इंदूरहून महेश्वरला जाताना आपण एका पठारावरून खाली उतरतो, हे गाडीत गप्पा रंगल्या की लक्षातही येत नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, महेश्वर दीडशेच्या आसपास. राऊ, महू, मानपूर मागे पडलं की विंध्याचा कडा येतो, माळव्याची हवा संपते आणि निमाडाची झळ काचेतून आत येते. वाटेतल्या गणपती घाटात ब्रेक निकामी होऊन ट्रक आदळल्याच्या बातम्या आम्ही इंदूरकर वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. त्या वाचताना मला वाटायचं, हे जड वाहनांचं दुखणं. आपल्या घरच्या गाडीचा त्याच्याशी काय संबंध?

तो संबंध एका मे महिन्यात कळला. गाडीत आई, दादा-वहिनी, सात वर्षांची भाची, डिकीत बॅगा आणि पाण्याचा कॅन. मी चालवत होते. आईला वेगात गेलेलं आवडत नाही, म्हणून सगळा उतार चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय हलकेच टेकवून ठेवत उतरले. खाली येईपर्यंत ब्रेकची काही तक्रार नव्हती. धामनोदच्या अलीकडे एका ढाब्यावर चहाला थांबलो, तेव्हा पुढच्या चाकांपाशी करपल्यासारखा वास येत होता. दहा मिनिटांनी निघायला बसले, गाडी सुरू केली, सवयीने पेडल दाबलं आणि ते थेट खालच्या मॅटला जाऊन टेकलं. पायाला काही लागलंच नाही.

गाडी उभी होती, हे आमचं नशीब. पाऊण तासाने पेडल आपोआप पुन्हा घट्ट झालं. तरी त्या ब्रेकच्या भरवशावर पुढे जायची हिंमत होईना, म्हणून धामनोदहून मेकॅनिक बोलावला. त्याने बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढून आत पाहिलं आणि म्हणाला, “दीदी, तेल पानी पी गया है।”

त्याचं ते वाक्य शब्दशः खरं होतं.

आधी घाटाचा हिशेब पाहू. माणसं आणि सामान धरून १४०० किलोची गाडी ४०० मीटर खाली आणली की तिच्या उंचीतली सुमारे ५५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. बादलीभर, म्हणजे अठराएक लिटर साधं पाणी उकळायला एवढी उष्णता पुरते. १८४० च्या दशकात जेम्स ज्यूलने खाली येणाऱ्या वजनाच्या जोरावर पाण्यातली चक्री फिरवली आणि पाणी किती तापतं ते मोजलं. घाट उतरणारी गाडी म्हणजे ज्यूलचं तेच वजन. महूजवळ पातालपाणीचा धबधबा कोसळतो, तेव्हा तिथलं पाणीही असंच तापतं, पण दर १०० मीटरला जेमतेम पाव अंश, कारण ती उष्णता पाण्याच्या कणाकणात वाटली जाते. गाडीत मात्र ती येते ब्रेकच्या काही किलो लोखंडावर, आणि लोखंडाला तापायला पाण्याच्या नवव्या हिश्श्याइतकीच उष्णता पुरते.

सौम्य उतारावर हवेचा आणि टायरचा विरोधच यातला मोठा वाटा खाऊन टाकतो. खरी परीक्षा तीव्र उताराची. शंभर मीटरमागे सहा मीटरचा उतार आणि ताशी ५० किलोमीटरचा वेग धरला, तर सुमारे ११ किलोवॅट दराने ऊर्जा मोकळी होत असते. न्हाणीघरातले दोन किलोवॅटचे पाच-सहा गीझर एकदम चालू केल्यासारखं हे आहे. ती बहुतेक सगळी ब्रेकवर टाकली, तर १०० मीटर खाली येईपर्यंत पुढच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या, दीड-दोनशे अंशांनी तापू शकतात. वारा त्यांना निववत असतो, पण पाय सतत टेकलेला असला की त्यांना उसंत मिळत नाही.

डिस्क तापली म्हणून ब्रेक लगेच जात नाही, लोखंड हे सोसतं. सोसत नाही ते ब्रेक ऑइल. पेडल दाबलं की पायाचा जोर नळ्यांमधल्या या द्रवातून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. द्रव दाबून लहान होत नाही, यावर सगळी मदार. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पायाचा जोर आधी ते बुडबुडे दाबण्यात खर्च होतो आणि चाकापर्यंत काही उरतच नाही. मॅटपर्यंत गेलेलं माझं पेडल वाफ दाबत होतं. गार झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव झाला, म्हणून पाऊण तासाने ते घट्ट लागलं.

मग घाटात काही न होता चहा पिऊन आल्यावर का झालं? मला सगळ्यात जास्त हेच खटकत होतं. गाडी चालती असते तोवर चाकांवर वारा असतो. थांबली की वारा बंद, आणि तापलेल्या डिस्कमधली उष्णता तिला चिमटीत धरणाऱ्या पॅडमधून, पॅड दाबणाऱ्या पिस्टनमधून शेजारच्या द्रवात मुरत जाते. घाटाखाली उभ्या गाडीतला द्रव काही मिनिटं आणखी तापतो. म्हणून ब्रेक तापल्याचा वास आला तर लगेच थांबण्याऐवजी, रस्ता सपाट आणि मोकळा असेल तर, दोन-तीन किलोमीटर ब्रेक न लावता सावकाश गाडी चालू ठेवणं चांगलं. आणि निघताना गाडी हलण्याआधी पेडल दाबून पाहायचं. तापलेल्या चाकावर पाणी मारायचं नाही, डिस्क वाकडी होते, तिला तडाही जाऊ शकतो.

आता तेल पाणी कसं पितं ते. नावात ऑइल असलं तरी सर्वसाधारण ब्रेक ऑइल तेल नसतं, ते ग्लायकॉल जातीचं रसायन असतं आणि हवेतली ओल शोषून घेतं. रबरी नळ्यांमधून, डबीच्या झाकणातून दमट हवा थोडी थोडी आत येते. इंदूरचे चार महिने पावसाचे, त्यामुळे ओल भरपूर. डबीवर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असतं. कोऱ्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, डॉट ४ चा २३०. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मिसळलं की हेच किमान आकडे १४० आणि १५५ वर येतात. घाटाच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा आहे.

पाणी न पिणारा द्रव का वापरत नाहीत, हा प्रश्न मलाही पडला होता. पाणी आत शिरायचं राहणार नाही, आणि द्रवाने ते सामावून घेतलं नाही तर त्याचे थेंब वेगळे होऊन सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे नेमके गरम चाकांपाशी जमतील. तिथे ते गंज आणतील आणि शंभरीच्या आसपास उकळतील. पाणी सगळीकडे सारखं विरघळलेलं बरं, आणि द्रव ठरावीक काळाने बदलावा, असा तो विचार आहे. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात, नेमकी मुदत गाडीच्या पुस्तिकेत असते. आमच्या गाडीत साडेतीन वर्षं तेच होतं. दर सर्व्हिसिंगला कागदावर ‘ब्रेक ऑइल तपासले’ अशी खूण असायची, म्हणजे डबीतली पातळी पाहिली जायची. पातळीवरून पाण्याचं प्रमाण कळत नाही. रंग चहासारखा झाला असेल तर द्रव जुना हे नक्की, पण फिकट दिसतो म्हणून कोरडा असेलच असं नाही. त्यासाठी दिवे लागणारं पेनसारखं उपकरण असतं, त्याने तपासून मागावं.

पातळी उतरली तर नुसतं वरून ओतू नये. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात आणि पातळी खाली जाते, म्हणजे ती खूण पॅडचीही असते, गळतीचीही. आणि इंजिन ऑइल चुकूनही घालू नये. त्याने आतली रबरं फुगतात आणि सगळी यंत्रणा बदलावी लागते.

ब्रेक दमण्याचा आणखी एक प्रकार आहे. पॅड फार तापले की त्यांतलं मिश्रण बांधून ठेवणारा पदार्थ जळू लागतो आणि पकड सुटते. तेव्हा पेडल घट्टच लागतं, पण गाडी थांबत नाही. पेडल मऊ पडलं तर द्रव उकळला, घट्ट असून गाडी थांबत नसेल तर पॅड तापले, एवढा फरक पायाने ओळखता येतो.

या सगळ्यावरचा उपाय आधीपासून गाडीत असतो. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल इंजिनाला जवळजवळ बंद झडपेपलीकडून हवा ओढावी लागते आणि त्या धडपडीत उताराची ऊर्जा खर्च होते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढतो, तो ऐकून घाबरू नये. ब्रेक मग अधूनमधून, नेमका आणि जोरकस लावायचा, वेग कमी करायचा आणि पाय काढून घ्यायचा. ऑटोमॅटिकमध्ये यासाठीच एल, २ किंवा हाताने गिअर बदलायची सोय असते. विजेवरची गाडी उतारावर मोटरने बॅटरी भरून घेते, पण घरून पूर्ण भरून निघालात आणि थोड्याच वेळात घाट आला तर भरायला जागाच नसते, ही मदत तुटपुंजी होते.

पेट्रोल वाचावं म्हणून उतारावर न्यूट्रल करणारे मात्र अजून भेटतात. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की इंजेक्शनच्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना इंजिनाला इंधन मिळणंच बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे पेट्रोलही जातं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद करणं तर त्याहून वाईट, एक-दोनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंग जड पडतं.

घाटातच पेडल मऊ लागलं तर ते भराभर पंप करायचं, एकेक गिअर खाली आणायचा, हँडब्रेक हळूहळू ओढायचा आणि डोंगराच्या बाजूला थांबायची जागा शोधायची. पातालपाणीला घाट उतरण्याआधी रेल्वेगाडी थांबायची. लोक म्हणतात टंट्या मामाला, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढलेल्या टंट्या भिल्लाला, सलामी द्यायला, रेल्वेवाले म्हणतात ब्रेक तपासायला. मी आता मानपूरला थांबते. पेडल दाबून पाहते आणि टायरांवरून नजर फिरवते.

टायरांबद्दल एकच सांगते. सकाळी घरी ३३ भरलेली हवा निमाडातल्या दुपारी ३७-३८ दाखवते, ते वायूच्या नियमाप्रमाणेच आहे. टायर गरम असताना हवा काढून ती ३३ वर आणली, तर दुसऱ्या दिवशी गार टायरात ती कमी भरते. कमी हवेचा टायर बाजूने जास्त दुमडतो, आतून तापतो आणि फुटतो.

आणि भाचीला आता आई मांडीवर घेत नाही. ताशी ५० च्या वेगाने आदळणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणं, एवढा हिशेब मी आईला मांडून दाखवला. मागच्या सीटवर भाची बूस्टरवर बसते आणि सगळे पट्टा लावतात.

त्या दिवशी ढाब्यावर मेकॅनिकने नवी डबी आणली. तो चाकाशी बसला, ब्रेकमधलं तेल बाहेर काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावली आणि दादा पेडलपाशी. “दबाओ… पकड़ के रखो… छोड़ो।” नळीतून आधी चहाच्या रंगाचं पाणचट काहीतरी आलं, मग बुडबुडे, मग आणखी बुडबुडे. चौथ्या चाकाला शेवटी मधाच्या फिक्या रंगाची अखंड धार लागली. डबीत थोडं उरलं होतं. पुढे लागेल म्हणून घरी नेऊ का, असं मी विचारलं. तो मान हलवत म्हणाला, झाकण एकदा उघडलं की हेही पाणी प्यायला लागतं, आणि डबी स्वतःच्या पिशवीत टाकून घेऊन गेला.