बॉटम ब्रॅकेटची इतकी मापं आली कुठून?

सायकलच्या फ्रेमच्या तळाशी, सीटखालची सीट ट्यूब आणि हँडलकडून खाली येणारी डाऊन ट्यूब जिथे मिळतात तिथे एक आडवी नळी असते. हा शेल. शेलमध्ये बेअरिंग, बेअरिंगमधून आरपार एक्सल आणि एक्सलच्या दोन टोकांना क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे. शेलमधल्या या बेअरिंगच्या जोडणीलाच बॉटम ब्रॅकेट म्हणतात. क्रँक बदलता येतो, बेअरिंगही बदलता येतं; शेलचं माप मात्र फ्रेम घडतानाच कायमचं ठरतं. ‘हा क्रँक माझ्या फ्रेमला बसेल का?’ या प्रश्नाची गुंतागुंत इथूनच सुरू होते.

सुरुवातीचे भेद देशांप्रमाणे पडले. इंग्रजी शेल १.३७ इंच व्यासाचा, इंचाला २४ आटे. इटालियन ३६ मिलिमीटरचा, आटे तेवढेच, पण रुंदी ६८ऐवजी ७०. फ्रेंच शेल ३५ मिलिमीटरचा, आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर. इंग्रजी १.३७ इंच म्हणजे ३४.८ मिलिमीटर, फ्रेंच मापाशी फरक इतका बारीक, की नुसत्या नजरेला कळत नाही. चुकीचा कप (बेअरिंग धरणारी, शेलमध्ये आवळायची आटेदार वाटी) पहिले एक-दोन आटे धरल्यासारखा वाटतो, मग अडतो, आणि जोर लावला की आटे खातो.

आट्यांच्या दिशेतही फरक होता. पेडल मारताना बेअरिंगवर फिरता भार येतो आणि त्याने कप एक्सलच्या उलट दिशेला हळूहळू सरकू पाहतो. म्हणून इंग्रजी शेलमध्ये चेनच्या बाजूला उलटे आटे असतात. इटालियन आणि फ्रेंच शेलमध्ये दोन्हीकडे सुलटे, त्यामुळे उजवा कप सैल होण्याची तक्रार जुनीच. फ्रेंच माप मागे पडलं, इटालियन थोडं तगलं, आणि इंग्रजी माप बीएसए या नावाने जगभर रुळलं.

पुढची बरीच वर्षं बदल झाले ते एक्सलमध्ये: क्रँक एक्सलवर पक्का धरणारी कॉटर पिन गेली, चौकोनी टोकाचा एक्सल आला. २००३च्या सुमारास सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानोने २४ मिलिमीटरचा पोकळ एक्सल आणून बेअरिंग शेलच्या बाहेर काढली. फ्रेम तीच, बीएसएच. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी सुधारणा.

मग आटेच काढून टाकायची टूम आली. कॅननडेल या सायकल कंपनीने २००० साली ३० मिलिमीटरचा जाड, हलका एक्सल आणला आणि ४२ मिलिमीटरच्या गुळगुळीत शेलमध्ये बेअरिंग थेट दाबून बसवलं. २००६मध्ये हे माप बीबी३० म्हणून सर्वांना खुलं झालं. कार्बन फ्रेम बनवणाऱ्यांना ते सोयीचं होतं: आटे पाडलेली धातूची बाही चिकटवायला नको, वजन कमी, वर ट्यूब जाड करायला जागा. लगेच पाठोपाठ ४६ मिलिमीटरचा प्रेसफिट ३० (प्रेसफिट म्हणजे दाबून बसवायचा), ४१ मिलिमीटरचा आणि ८६.५ रुंदीचा बीबी८६, ट्रेकचा बीबी९०, सर्व्हेलोचा बीबीराइट. प्रत्येकाचा हिशेब आपल्या फ्रेमपुरता.

दाबून बसवलेलं बेअरिंग गप्प राहायचं तर शेल अगदी गोल आणि दोन्ही बाजू एका रेषेत हव्यात. त्यात जरा कसर राहिली की चढावर जोर लावताच करकर सुरू. दोष खरं तर मापापेक्षा घडणीतला, पण बदनाम झाला प्रेसफिट.

बसण्याचा साधा हिशेब असा: मोठ्या भोकात बारीक एक्सल बहुधा अडॅप्टरने बसतो. उलटं कठीण, कारण ४१ मिलिमीटरच्या भोकात ३० चा एक्सल घातला तर बेअरिंगच्या गोळ्यांना फारच थोडी जागा उरते. स्रॅमने २०१८मध्ये २८.९९ मिलिमीटरचा डब एक्सल काढला तो याच अडचणीतून वाट काढायला.

२०१५मध्ये सुटे भाग बनवणारी क्रिस किंग आणि फ्रेम बनवणारी अर्गोनॉट या कंपन्यांनी टी४७ आणलं: मोठा व्यास, पण आट्यांसह. ४६ मिलिमीटरच्या धातूच्या शेलमध्येही ते आटे पाडता येतात. २०२०मध्ये ट्रेकने आपल्या एमोंडा या सायकलला टी४७ दिलं. स्पेशलाइज्डची टारमॅक एसएल७ तर सरळ बीएसएवर परतली. पण टी४७चेही रुंदीप्रमाणे प्रकार आहेत, कुठे बेअरिंग शेलच्या आत तर कुठे बाहेर. त्यामुळे कप मागवण्याआधी शेलची रुंदी व्हर्नियरने मोजावीच लागते.